गिरमिटाची प्रथा आणि नामदार गोखले

महाराष्ट्रातील जुन्या पिढीच्या तोंडी पांढऱ्या साखरेला मोरस साखर असे नाव होते. मोरस म्हणजे मॉरिशस. हिंदी महासागरातील त्या बेटावर ऊस लावणारे, खुरपणारे आणि तोडणारे हात बहुतांशी हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांचे होते आणि त्यांत रत्नागिरी, सातारा या भागांतून येऊन मुंबई बंदरात जहाजावर चढलेली मराठी माणसेही होती. साखरेचे नाव घरोघर रुळले. ती पिकविणाऱ्यांची आठवण मात्र इकडे फारशी कोणी ठेवली नाही. तिकडे ती राहिली. मॉरिशसमध्ये गणेशचतुर्थीला आजही सार्वजनिक सुटी असते आणि कोकणातला जाखडी नाच तेथील मराठी घराण्यांनी झाकरी या नावाने जपला आहे.

ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने उठविण्यात आली. पण उसाच्या मळेवाल्यांची मजुरांची गरज त्यामुळे संपली नाही. मोकळा झालेला गुलाम त्याच मळ्यात, त्याच मालकाच्या हाताखाली, मालक देईल त्या मजुरीवर राबावयास तयार होईना, तेव्हा मळेवाल्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलास’ नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरास लागले. पुढील सुमारे ऐंशी वर्षांत एकट्या मॉरिशसला साडेचार लाखांच्या घरात, ब्रिटिश गियानाला २ लाख ३८ हजारांवर, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीला दीड लाखावर, त्रिनिदादला १ लाख ४३ हजारांवर आणि फिजीला ६० हजारांवर माणसे गेली. त्यांच्याकडून जो करारनामा करून घेत त्या अ‍ॅग्रीमेंटचे मजुरांच्या तोंडी गिरमिट झाले आणि करारावर गेलेला मजूर गिरमिट्या ठरला.

ही प्रथा सुधारण्याच्या भरीस न पडता ती मुळापासून बंद करावी, असा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ९ मे १८६६ रोजी गुहागर भागातील कोतळूक या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. ते १८७९ साली वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी ते पाठवू लागले. कोकणातल्या ज्या दारिद्र्याने कित्येकांना समुद्रापार लोटले, त्याच दारिद्र्यातून एका भावाच्या आठ रुपयांनी दुसऱ्यास कॉलेजात पोचविले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी. ए. झाले, पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक झाले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून १९०२ पर्यंत फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत राहिले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक अनेक वर्षे शाळांतून चालले. आकड्यांवरचे हे प्रभुत्व पुढे सरकारला जड जाणार होते.

गोखले पुण्यात आले तेव्हा महाराष्ट्रातून परदेशी मजूर जाण्याचा ओघ जवळजवळ आटला होता. त्याची कारणे दयाधर्माशी निगडित नव्हती. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटातील रेल्वेचे काम चालू होते आणि ऐन भरात तेथे चाळीस हजारांवर माणसे कामावर होती. मुंबईत १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांची रांगच लागली. पुण्याच्या पश्चिमेस मुळशीकडच्या नांदे गावच्या किंवा मावळातल्या कुणब्याला घाटातले काम अथवा मुंबईची गिरणी ही जहाजापेक्षा किती तरी जवळची होती. पटले नाही तर पायी घरी परतता येत होते. कोकण्यासही तसेच. ज्या प्रदेशांत अशी जवळची वाट नव्हती, त्या संयुक्त प्रांत, बिहार आणि मद्रासकडच्या जिल्ह्यांतून गिरमिट्यांची भरती चालू राहिली. त्यामुळे पुण्यातील सुशिक्षितांच्या दृष्टीने हा प्रश्न डोळ्यांआडचा, अहवालांतील कोष्टकांतून दिसणारा प्रश्न झाला होता.

याचा सर्वांत बोलका पुरावा खुद्द न्यायमूर्ती रानडे यांच्या लेखनात आहे. १८९३ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत रानड्यांनी हिंदी लोकांच्या परदेशगमनावर एक निबंध वाचला. पुढे तो त्यांच्या अर्थशास्त्रीय निबंधांच्या संग्रहात आला. शेतीवर माणसांचा भार वाढत आहे, दुष्काळ वारंवार पडत आहेत, अशा स्थितीत वसाहतींत जाऊन पोट भरण्याची, चार पैसे शिल्लक टाकण्याची वाट मोकळी आहे ही इष्ट गोष्ट आहे, असा रानड्यांचा एकंदर रोख होता. गेलेल्यांची संख्या, परत आलेल्यांनी आणलेली शिल्लक, वसाहतवार स्थिती हे सारे त्यांनी सरकारी अहवालांवरून मांडले होते. त्या वेळी गोखले पुण्याच्या सार्वजनिक सभेचे चिटणीस होते आणि रानडे त्यांचे गुरू होते. गुरूने १८९३ साली जी वाट हिताची मानली ती शिष्याने १९१२ साली बंद करावयास सांगितली. अहवाल तेच होते. मधल्या एकोणीस वर्षांत आकड्यांकडे कोणत्या बाजूने पाहावयाचे याविषयीची समज बदलली.

या बदलाच्या वाटेवर १८९७ चा एक कटू प्रसंग आहे. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी गोखले इंग्लंडला गेले असता पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोऱ्या सोजिरांकडून घरझडत्या चालू होत्या. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून गोखल्यांनी तेथील वृत्तपत्रातून सोजिरांच्या अत्याचारांची वाच्यता केली. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला. पत्रे लिहिणारी माणसे पुढे येईनात, त्यांची नावे सांगणे गोखल्यांना प्रशस्त वाटेना. अखेर त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची जी निर्भर्त्सना झाली ती पुढे कित्येक वर्षे त्यांच्या मागे होती. पुराव्यावाचून एक अक्षर बोलावयाचे नाही, हा धडा त्यांनी त्यातून घेतला. गिरमिटाच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी एकाही निनावी पत्राचा आधार घेतला नाही. सरकारने स्वतः छापलेले अहवालच त्यांनी सरकारपुढे उघडून ठेवले.

१८९६ च्या ऑक्टोबरात नाताळहून आलेले तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी पुण्यात गोखल्यांना भेटले. पुढे १९०१-०२ च्या हिवाळ्यात कलकत्त्यास ते महिनाभर गोखल्यांकडेच राहिले. नाताळची हकीकत गोखल्यांना कळली ती प्रामुख्याने या मार्गाने. ‘ट्रूरो’ जहाजाने १६ नोव्हेंबर १८६० रोजी मद्रासहून पहिले गिरमिट्ये तेथे पोचविले होते. पाच वर्षे भरल्यावर मजूर त्या देशात मोकळा राहू शकत असे, शेती करीत असे, फेरी घालून भाजी विकत असे. आणि हेच गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपू लागले. मजूर हवा, पण शेजारी नको. म्हणून १८९५ साली नाताळ सरकारने कायदा केला की, मुदत संपलेल्या मजुराने एकतर पुन्हा गिरमिट करावे, नाहीतर मायदेशी जावे. यांपैकी काही न करता राहावयाचे असेल तर दरसाल तीन पौंड कर भरावा. तीन पौंड म्हणजे त्या वेळचे पंचेचाळीस रुपये. पाचव्या वर्षीही ज्याची मजुरी महिना चौदा शिलिंगच असे, त्याची ही चार महिन्यांहून अधिक कमाई झाली. पुढे हा कर वयात आलेल्या मुलांवर, सोळा वर्षांवरील मुलग्यांवर आणि तेरा वर्षांवरील मुलींवरही बसविण्यात आला. चौघांच्या कुटुंबावर बारा पौंडांची वर्षासन पट्टी बसली, ती चुकविण्यासाठी माणसे पुन्हा गिरमिटात शिरत, आणि नेमका तोच कराचा हेतू होता.

२५ फेब्रुवारी १९१० रोजी कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी नाताळसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा अधिकार सरकारने घ्यावा, असा ठराव मांडला. तो सरकारने मान्य केला, त्याप्रमाणे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११ पासून नाताळला गिरमिट्ये पाठविणे बंद झाले. येथवर सरकार बरोबर होते, कारण येथे प्रश्न एका वसाहतीच्या दुर्वर्तनाचा होता. प्रथेलाच हात घालताच ते दूर झाले.

४ मार्च १९१२ रोजी गोखल्यांनी दुसरा ठराव मांडला. गिरमिटाची पद्धत सर्वच वसाहतींसाठी बंद करावी, एवढीच त्याची मागणी. सरकारच्या हाती त्या वेळी लॉर्ड सँडरसन यांच्या समितीचा १९१० चा अहवाल होता आणि त्यात या पद्धतीची भलामण केलेली होती. मजूर स्वखुशीने करार करतो, दंडाधिकाऱ्यासमोर त्यास विचारले जाते, मजुरी ठरलेली असते, दवाखाना असतो. मग यात अन्याय कोठे, असा सरकारपक्षाचा सवाल होता. हा सवाल वरवरचा नव्हता. मुक्त कराराच्या तत्त्वाचा हवाला सरकार देत होते.

गोखल्यांनी त्या तत्त्वाचाच कस लावला. ज्या देशाची भाषा, चालीरीती, हवापाणी ठाऊक नाही आणि जेथे ओळखीचे माणूस नाही, अशा दूरच्या देशी जाण्यास मजूर बांधून घेतो. तेथे त्यास जो मालक वाटून दिला जाईल त्याचेच काम करावे लागते. मालकास मजूर निवडता येत नाही, मजुरास मालक निवडता येत नाही. मळ्यावरच राहावयाचे, परवान्याशिवाय बाहेर पडावयाचे नाही, सांगितले जाईल ते काम करावयाचे. पाच वर्षे सोडून जाण्याची सोय नाही. मजुरी ठरलेली, पण आसपासच्या मोकळ्या मजुरापेक्षा ती नेहमीच कमी. आणि या सर्वांवर कळस असा की, करार मोडल्यास दिवाणी दाव्याऐवजी फौजदारी शिक्षा. कामात हयगय झाली, मुकादमास उलट शब्द बोलला, एवढ्यावरून दोन दोन, काही ठिकाणी तीन तीन महिने सक्तमजुरी. करार करताना हा फौजदारी कायदा मजुरास कोणी समजावून सांगितलेलाच नसतो. ज्या अटीवर आपला तुरुंगवास अवलंबून आहे ती अट ज्यास माहीत नाही, त्याच्या संमतीला संमती म्हणता येत नाही, असा गोखल्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. आरकाटी, म्हणजे भरतीचे दलाल, खोट्या आशा दाखवून खेड्यापाड्यांतील माणसे कशी गोळा करतात हे त्यांनी सांगितलेच. परंतु दलालाची फसवणूक उद्या थांबली तरी प्रथा सदोषच राहील, हे त्यांनी स्पष्ट केले. आपल्या बाजूने त्यांनी मळ्यांवरील आत्महत्यांचे सरकारी आकडे ठेवले. साऱ्या जगात असे मजूर पुरविणारा देश आपल्या एकट्याचाच उरला आहे, हेही त्यांनी बोलून दाखविले.

या भाषणातील एक भाग आज वाचताना खटकतो. शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविल्याच पाहिजेत, असा नियम होता. त्या चाळीस कोण, त्या का निघाल्या, याचा विचार गोखल्यांसह त्या काळच्या बहुतेक पुढाऱ्यांनी नीतिमत्तेच्या अंगाने केला. घरातून टाकलेली विधवा, दुष्काळात एकटी पडलेली बाई, काशी-मथुरेच्या वाटेवर आरकाट्याने गाठलेली यात्रेकरू, यांना देशात कोणता आसरा होता, हा प्रश्न मात्र पुढे आला नाही. विधवाविवाहाच्या कैवाऱ्यांच्या परंपरेतल्या माणसाकडून तो यावयास हवा होता. तीच गोष्ट घरच्या वेठीची. करार मोडणाऱ्या कारागिरास व मजुरास तुरुंगात घालणारा १८५९ चा कायदा खुद्द हिंदुस्थानात चालू होता आणि तो रद्द होण्यास १९२५ साल उजाडावे लागले. सावकाराच्या कर्जापोटी पिढ्यान्‌पिढ्या राबणारा वेठबिगार तर कायद्याने मुक्त झाला तो १९७६ साली. समुद्रापलीकडच्या गिरमिटाविरुद्ध उभा राहिलेला सुशिक्षित वर्ग उंबरठ्यापलीकडच्या गिरमिटापुढे गप्प होता, असे म्हणणे कठोर वाटेल, पण त्यात खोटे काही नाही.

ठराव मतास टाकण्यात आला. बाजूने २२ आणि विरुद्ध ३३ मते पडली. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो पडला. त्यानंतर पंधरा दिवसांतच, १९ मार्च रोजी, गोखल्यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. या दोन आकड्यांची तुलना शिक्षकवर्गाने जरूर करावी. परदेशी गेलेल्या मजुराच्या मानापमानासाठी बावीस मते मिळाली; गावातल्या मजुराच्या मुलास शाळेत बसविण्यासाठी तेराच.

त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गोखले केपटाऊन येथे उतरले. मधुमेहाने शरीर पोखरले होते, तरी त्यांनी चार आठवडे दक्षिण आफ्रिका पालथी घातली. टॉल्स्टॉय आश्रमाकडे स्टेशनापासून पायी जाताना पावसाने गाठले आणि त्यांस सर्दी झाली. तरी इतरांप्रमाणे जमिनीवर निजण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही. दौऱ्यातली एक गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्रजी वक्तृत्वाबद्दल ज्यांची विलायतेत ख्याती होती, त्या गोखल्यांना गांधीजींनी मराठीत बोलण्याचा आग्रह केला. श्रोत्यांत कोकणी मुसलमान होते, काही महाराष्ट्रीय हिंदू होते. भाषांतर गांधीजी हिंदुस्थानीत करणार होते. गांधीजींच्या मराठीच्या ज्ञानाची गोखल्यांनी थट्टा केली, पण आग्रह मानला, आणि त्यानंतर झांझिबारपर्यंत आपल्या लोकांपुढे ते मराठीतच बोलत गेले. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाच्या इतिहासात ही हकीकत नोंदविली आहे. कोतळूकच्या माणसाची भाषा त्या परक्या किनाऱ्यावर कोकणातून गेलेल्यांच्या कानी पडली, ती अशी.

१४ नोव्हेंबर १९१२ रोजी प्रिटोरियास जनरल बोथा, जनरल स्मट्स आणि फिशर या मंत्र्यांशी त्यांची भेट झाली. तीन पौंडांचा कर उठविला जाईल, असे समजून ते बाहेर आले. गांधीजींना त्याचा भरवसा वाटला नाही. पुढच्याच वर्षी स्मट्स यांनी नाताळमधील गोऱ्यांच्या विरोधाकडे बोट दाखवून कर उठविण्यास नकार दिला. सनदशीर मार्गावर आयुष्यभर भिस्त ठेवलेल्या माणसास मंत्र्यांच्या शब्दाची ही किंमत पाहावी लागली. तोवर हिंदी वस्तीच्या इतर गाऱ्हाण्यांपुरता असलेला सत्याग्रह आता या करासाठीही सुरू झाला, आणि त्यात प्रथमच गिरमिट्ये स्वतः उतरले. न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींतील मजुरांनी संप केला. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी ट्रान्सव्हालच्या सरहद्दीकडे जो मोर्चा निघाला त्यात २,०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. इकडे गोखले आजारी होते, पण तारा पाठवीत होते, वर्गणी जमवीत होते, अँड्र्यूज व पिअर्सन यांना तिकडे धाडीत होते. लॉर्ड हार्डिंज यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रह्यांविषयी उघड सहानुभूती दाखविली. १९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला. कायदेमंडळातील आकडे आणि रस्त्यावर उतरलेली माणसे यांपैकी कशाने तो गेला, हा वाद मवाळ-जहालांच्या जुन्या भांडणाइतकाच न संपणारा आहे. गोखल्यांचे आकडे नसते तर व्हाइसरॉय बोलले नसते आणि खाणमजूर चालले नसते तर स्मट्स हलले नसते, एवढे घटनाक्रमावरून दिसते.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबईस उतरले. पुण्यास १९०५ साली स्थापन केलेल्या आपल्या भारत सेवक समाजात गोखल्यांनी त्यांच्यासाठी खजूर, भुईमुगाच्या शेंगा आणि फळे यांचा साधा अल्पोपाहार ठेवला. स्वतः आल्याशिवाय त्यांना राहवेना, आणि तेथे येताच त्यांस घेरी आली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यातच त्यांचा अंत झाला. वय अठ्ठेचाळीस. आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी लोकमान्य टिळक यांनी स्मशानात त्यांच्याविषयी गौरवाने भाषण केले.

गिरमिटाची प्रथा तेव्हा चालूच होती. मदनमोहन मालवीय यांनी २० मार्च १९१६ रोजी तोच ठराव पुन्हा आणला, तो लॉर्ड हार्डिंज यांनी तत्त्वतः मान्य केला. मात्र वसाहतींची दुसरी सोय होईपर्यंत भरती थांबणार नव्हती. देशभर सभा झाल्या, स्त्रियांचे शिष्टमंडळ व्हाइसरॉयकडे गेले, आणि १९१७ च्या मार्चमध्ये युद्धकाळच्या नियमांखाली भरती बंद झाली. फिजीतील मळ्यांवर उरलेल्या गिरमिट्यांचे करार १ जानेवारी १९२० रोजी रद्द करण्यात आले. गोखले वारल्यास त्या दिवशी पाच वर्षे होत आली होती.